चेंडू किती दूर गेला?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर आम्ही चेंडूसारखा पोरखेळाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. पण ज्या जबलपुरात १९०८ साली रूपसिंग जन्मले, ज्यांनी पुढे १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर एकट्याने १० गोल चढविले, त्या गावात तरी चेंडूची उपेक्षा होऊ नये.

प्राथमिक वर्गांना खेळाचे गुण देण्याची आमची रीत वर्षानुवर्षे एकच होती. मैदानावर चुन्याची रेघ ओढावयाची, मुलांना चेंडू फेकावयास सांगावयाचे आणि तो कोठे पडला ते वहीत टिपावयाचे. दुसरीतल्या एका किरकोळ अंगाच्या मुलीचा चेंडू रेघेपर्यंत पोहोचलाच नाही. आम्ही शून्य मांडले. त्याच दिवशी मधल्या सुटीत ती पिट्ठू, म्हणजे आपली लगोरी, खेळताना दिसली. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे, कंबर व खांदा वळलेले, चेंडू सुटल्यावर हात शरीरावरून पलीकडे उतरलेला! फेक निर्दोष होती; उणे होते ते केवळ बळ. आम्ही शिकवीत होतो कौशल्य, निदान वेतन तरी त्याचेच घेत होतो, आणि मोजीत होतो बळ.

हा भेद ओळखणारी एक कसोटी अमेरिकेत डेल उलरिच यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. ती ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत चेंडूची ७ कौशल्ये येतात: दोन्ही हातांनी फटका, एका हाताने फटका, जागच्या जागी टप्पे देणे, झेलणे, पायाने मारणे, खांद्यावरून फेकणे आणि खालून फेकणे. मूल प्रत्येक कृती दोनदा करून दाखविते. निकष दिसला तर १, न दिसला तर ०. असे एकूण ५४ गुण. झेलताना हात पुढे तयार आहेत काय, चेंडू येताच ते त्याच्याकडे जातात काय, तो केवळ हातांनी पकडला जातो काय, एवढेच पाहावयाचे. छातीशी कवटाळून झेलणारे मूल नापास ठरत नाही. त्याला उद्या काय शिकवावयाचे ते कळते.

आपल्याकडे 'फिट इंडिया'च्या शालेय चाचणीत पहिली ते तिसरीसाठी उंची-वजनाचे प्रमाण, एका पायावरील तोल आणि तबकड्यांना झपाट्याने हात लावणे, एवढेच आहे. ती तंदुरुस्तीची चाचणी असल्याने तिला दोष देता येत नाही. पण तेवढ्यावर शिक्षकाचे काम संपते, असा समज होऊ नये.

साठ मुलांच्या वर्गात हे जमावयाचे कसे, असे शिक्षकबंधू विचारतात. आम्ही तासाला पाचच मुले निवडतो, खेळ चालू ठेवतो आणि एकच कौशल्य पाहतो. बारा तासांत वर्ग पुरा होतो. मुलींकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. चेंडूच्या कौशल्यांत त्या मुलांच्या मागे आढळतात, असे अनेक देशांतील पाहण्या सांगतात; आणि आपल्या घरांत भावाला चेंडू व बहिणीला भातुकली मिळते, हे सांगावयास पाहणी कशाला हवी?

त्या मुलीचे गुण बदलावेत हे आम्हांस चार दिवसांनी सुचले. तोवर प्रगतिपुस्तक घरी जाऊन वडिलांच्या सहीनिशी परत आले होते.