सोळा जणांची एक चाल



ज्या खेळाविषयी आज विचार करावयाचा आहे, तो खेड्यातील मुलांनी क्वचितच पाहिला असेल. पाणी गोठवून तयार केलेल्या क्रीडांगणावर, पोलादी पात्यांचे बूट घालून सोळा खेळाडू उतरतात. एकमेकांचे हात किंवा खांदे धरून ते संगीताच्या तालावर सरकतात. क्षणात त्यांचे वर्तुळ होते, क्षणात सरळ रांग, तर क्षणात फिरते चाक. या खेळास सिंक्रोनाइज्ड स्केटिंग असे म्हणतात. खेळ परका असला, तरी निरनिराळ्या शक्तीच्या मुलांना एका चालीत आणण्याचे त्यातील काम कोणत्याही शिक्षकास परके नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर या गावी 1956 साली डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी अशा पहिल्या संघाची उभारणी केली. ‘हॉकेट्स’ हे त्या संघाचे नाव. मिशिगन विद्यापीठाच्या हॉकी सामन्यांच्या मधल्या सुटीत हा संघ आपले खेळ दाखवीत असे. ‘प्रिसिजन स्केटिंग’ हे या खेळाचे जुने नाव 1998 साली बदलले. 2000 साली मिनियापोलिस येथे प्रौढ संघांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि 2013 साली हेलसिंकी येथे कुमार संघांची. करमणुकीदाखल सुरू झालेली गोष्ट चिकाटीने केवढी वाढते, याचे हे उदाहरण होय.

या खेळाच्या शिक्षकापुढील अडचण चाकाच्या रचनेत चांगली दिसून येते. चाकाच्या एका आऱ्यात चार मुले एका ओळीत उभी आहेत असे समजा. मध्यापासून 1 मीटरवर असलेले मूल एका फेरीत सुमारे 6.28 मीटर अंतर कापते. 4 मीटरवर असलेल्या मुलास मात्र तेवढ्याच वेळात सुमारे 25.13 मीटर जावे लागते. आरा तर सरळच राहिला पाहिजे. तेव्हा बाहेरच्याने वेग वाढवावयाचा आणि आतल्याने आपली पावले आवरून धरावयाची. यांपैकी आतल्याचे काम सोपे, असे कोणी समजू नये. अंगी वेग असताना तो आवरणे, ही मोठी साधना आहे. हुशार मुलास पुढे जाण्यास शिकवावे लागत नाही. सोबत्यासाठी थांबण्यास शिकवावे लागते.

म्हणून जाणता शिक्षक मुलांना एकदम बर्फावर नेत नाही. साध्या जमिनीवर, साध्या बुटांनी, तो रचना चालून दाखवितो. कोणी कोठे वळावयाचे, कोणाच्या खांद्याकडे लक्ष ठेवावयाचे, हे पक्के झाले म्हणजे मगच पात्यांचे बूट चढतात. बर्फावर हात धरलेल्या ओळीत एकाचा तोल गेला, तर धक्का शेवटपर्यंत पोहोचतो. स्पर्धेत एक जण पडला तरी गुण साऱ्या संघाचे कापले जातात. अशा वेळी पडलेल्यावर रागावण्याने त्याची भीती वाढते, आणि भीतीने तो पुन्हा पडतो. त्याने चटकन उठावे व आपली जागा गाठावी, आणि इतरांनी ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी, याचाही सराव करून घ्यावा लागतो.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. स्पर्धेतील जागा मोजक्या असतात. वर्षभर घाम गाळलेल्या काही मुलांना राखीव म्हणून कडेला बसावे लागते. निवड कितीही न्यायाची असली, तरी त्या मुलांचे दुःख खरे असते. ते दुःख जाणून, राखीव मुलाकडूनही प्रत्येक चाल तितक्याच आस्थेने करून घेणारा शिक्षकच खरा. दुबळ्यांना वगळून रांग सरळ करणे कोणासही साधते; त्यात शिक्षकाचे कौशल्य ते काय?

खेड्यातील शाळेस ही अडचण नाही, हे तिचे भाग्य होय. आपल्या कवायतीच्या व लेझीमच्या रांगेस सोळांची मर्यादा घालणारा कोणताही नियम नाही. तरीही वार्षिक समारंभ जवळ आला, पाहुणे येणार असे ठरले, की ताल चुकणारी मुले हळूच मागे सारली जातात. त्या दिवशी रांग सुबक दिसते. परंतु वगळलेले मूल घरी काय घेऊन जाते, याचा विचार व्हावयास हवा. त्याऐवजी असे करून पाहावे. चुकणाऱ्या मुलास दोन पक्क्या मुलांच्या मध्ये उभे करावे. ताल प्रथम संथ ठेवावा. सर्वांना तो साधला म्हणजे वाढवावा. चपळ मुलास चाकाच्या आतल्या टोकास उभे करून पावले आवरण्याचा पाठ द्यावा. शाळेच्या अंगणात चुन्याने वर्तुळे आखून दोन मुलांची पावले मोजविली, तर परिघाचे गणितही त्याच तासात होऊन जाईल.

रांग मुलासाठी आहे, मूल रांगेसाठी नव्हे. शेवटचे मूलही ज्या दिवशी तालावर पाऊल टाकील, त्या दिवशीच ती रांग खऱ्या अर्थाने सरळ झाली असे समजावे.