वगळलेला धडा

(जबलपूर येथे सराफा भागात मराठी भाषिक शिक्षक व कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या राज्यशास्त्रात २००७ पासून एक धडा होता. त्याचा प्रारंभ १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या विजयमंचापासून होई. टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस हे अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू राष्ट्रगीत चालू असताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून, मान खाली घालून उभे आहेत. पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. ती कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याची खूण. रौप्यपदक मिळवणारा ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन याच्या छातीवरही मानवी हक्कांचा बिल्ला आहे. दोघा अमेरिकनांची खेळांतून हकालपट्टी झाली. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली हा धडा वगळण्यात आला. त्याच्याबरोबर जनआंदोलनांवरील धडाही गेला, हे विसरून चालणार नाही.

परदेशातील धडा गेला तर मराठी मुलांचे काय अडले, असे कोणी विचारील. पण हा विषय मराठीला परका कधीच नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले.

मलिक अंबराचे उदाहरण याहूनही जवळचे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून पुनःपुन्हा विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. मुलांना त्याचा गनिमी कावा आणि महसूलपद्धती पाठ असते. पण तो बाजारात विकला गेला म्हणजे काय झाले, विकणारे आणि विकत घेणारे कोण होते, हे वर्गात क्वचितच विचारले जाते. त्याला विकत घेणारा चंगीझखान स्वतःच मूळचा हबशी गुलाम होता, ही गोष्ट तर भाबड्या वीरपूजेला मुळीच परवडणारी नाही. चळवळीच्या अभ्यासवर्गांतही वर्ण आणि जात यांचा प्रश्न ‘शेवटी हा वर्गाचाच प्रश्न’ या एका वाक्यात गुंडाळला जातो. ते उत्तर अर्धवट आहे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्यातली पळवाट ताबडतोब कळते.

मग शिकवावे कसे? १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चाळीसहून अधिक ‘स्वातंत्र्यशाळा’ भरल्या, पुष्कळशा चर्चमध्ये. तेथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाबरोबर नागरिकत्व हा स्वतंत्र विषय होता, आणि शिक्षकाने उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारायचे असा रिवाज होता. गोऱ्यांजवळ असे काय आहे जे आम्हांला हवे आहे? आणि असे काय आहे जे नको आहे? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे.

जबलपुरात अशा शाळेला साहित्याची वाण नाही. शंकरशाह व रघुनाथशाह या गोंड राजा-राजपुत्रांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. १९२३ चा झेंडा सत्याग्रह येथून सुरू होऊन नागपुरात फोफावला. फेब्रुवारी १९४६ मध्ये येथील सिग्नल दलाच्या सैनिकांनी बंड केले. पण मुलांना केवळ स्मारकांपुढे नेऊन भागणार नाही. सराफ्यातून सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलाने दुकाने उघडण्यापूर्वी गटार कोण उपसतो ते पाहावे, त्याचे नाव विचारावे, आणि हे काम त्याच्याच घराण्याकडे का आले, हेही शोधावे. हातांनी मैला उपसण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा. सफाई कामगारांपैकी कंत्राटी किती, त्यांना हातमोजे व बूट मिळतात काय, असा अर्ज वर्गाने तयार करावा आणि पालकांच्या सहीने नगर निगमकडे द्यावा.

येथे एक सावधगिरी हवी. विद्यार्थी हा पक्षाचा स्वयंसेवक नव्हे. अर्ज करावयाचा नाही असे वर्गातील एखाद्या मुलीने सकारण सांगितले, तर तिचे म्हणणेही फळ्यावर लिहिले गेले पाहिजे. अर्जाचे उत्तर कायद्याने तीस दिवसांत यावयास हवे. ते न आल्यास पहिले अपील कोणाकडे करावयाचे, हा पुढच्या तासाचा विषय.