काळ्या पिशवीतल्या गोळ्या



मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशकांच्या परिषदेत स्वागताध्यक्षाने मिरजेचं कौतुक करायचं असतं. सतारी, अब्दुल करीम खाँसाहेब, मिशन हॉस्पिटल, सगळं स्मरणिकेत छापलंय. मी औषधविक्रेता. काउंटरवरून जे दिसतं तेवढं सांगतो.

रक्तदाबाची गोळी माणूस मोठ्याने मागतो. नैराश्याची चिठ्ठी मात्र गर्दी ओसरल्यावर, चार घड्या घालून पुढे सरकते. "काका, काळ्या पिशवीत द्या." दहा-बारा दिवसांनी तोच माणूस उरलेली स्ट्रिप परत घेऊन हजर. "फरक शून्य, वर मळमळतंय." या गोळ्यांचा त्रास पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. तुम्ही हे सांगता, ठाऊक आहे. पण दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत तो विसरलेला असतो.

म्हणून नव्या उपचारांत माझं लक्ष या मधल्या आठवड्यांकडे. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला एस्केटामिनचा नाकातला फवारा काहींना एका दिवसात उभारी देतो. पण तो घ्यायचा डॉक्टरांसमोर आणि नंतर निदान दोन तास तिथेच बसायचं. म्हणजे आमच्या काउंटरवर मिळणारच नाही. धंद्याचं नुकसान, पण नियम शहाणपणाचा. मेंदूला चुंबकीय स्पंदनं देण्याच्या उपचाराला एका बैठकीत सदतीस मिनिटं लागत. थीटा-बर्स्ट पद्धतीत तीन मिनिटं लागतात, आणि कॅनडातल्या २०१८ च्या चाचणीत गुण तेवढाच आला. बैठका मात्र आठवड्यातून पाच, चार ते सहा आठवडे. तीन मिनिटांसाठी जतहून रोज एसटीने येणार कोण?

त्या माणसासाठी मला गोव्याचा प्रयोग जवळचा वाटतो. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. सहा ते आठ भेटी. त्यांत शिकवायचं एवढंच: मन लागलं की परसात जाईन, असं नाही; आधी परसात जा, दोन रोपांना पाणी घाल, मन मागून येईल. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्या रुग्णांत तीन महिन्यांनी शंभरातले ६४ सावरले; नेहमीच्या उपचारांवर असलेले ३९. २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे आलंय. यात यंत्र नाही, फवारा नाही, म्हणून त्याची जाहिरातही कुणी करत नाही.

चिंताविकाराचं म्हणाल, तर चिठ्ठीशिवाय "ती पाव मिलिग्रॅमवाली द्या" म्हणणारे रोज दोन-चार येतात. सवय लागते म्हटलं की रागावतात. भीतीला पायरी-पायरीने सामोरं जाण्याचा सराव करून घेणारं कुणी असतं, हे त्यांच्या गावीही नसतं. अशाच सरावासाठी उद्या दुपारी डोळ्यांवर आभासी दृश्यं दाखवणारा चष्मा चढवून लिफ्टमध्ये बसवण्याचं प्रात्यक्षिक आहे. पहिला नंबर मी लावलाय. या सभागृहाचा भोजनकक्ष खरं तर चौथ्या मजल्यावर आहे. तुमची पंगत मी तळमजल्यावर का मांडली, ते आता लक्षात आलं असेल.