बाहेरून घेतलेली पदवी



एखाद्या तरुणाने पदवी मिळविली असे कानावर आले की आपल्याकडे लगेच दुसरा प्रश्न येतो : "कॉलेजात जाऊन, की बाहेरून?" ह्या 'बाहेरून' शब्दात चौकशीपेक्षा शंकाच अधिक असते. सोयरिकीची बोलणी असोत वा नोकरीची मुलाखत असो, 'बाहेरून' हे उत्तर आले की ऐकणाऱ्याचा चेहरा किंचित पडतो. पूर्वी असा अभ्यास टपालाने येणाऱ्या पुस्तकांवर होई; आता तो संगणकाच्या व फोनच्या पडद्यावर होऊ लागला आहे, आणि ऑनलाइन पदवी म्हणजे घरबसल्या मिळालेला कागद, अशी समजूत दृढ होत चालली आहे. ही शंका कितपत रास्त आहे आणि तिची किंमत कोणास मोजावी लागते, ह्याचा थोडा विचार करू.

वर्गात बसल्यावाचून विद्या नाही, ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावे महाविद्यालयांनी, आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती व्यवस्था होती. पुढच्याच वर्षी, १८५८ साली, लंडनने आपल्या परीक्षा कोठेही अभ्यास केलेल्या उमेदवारांस खुल्या केल्या. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाद्वारे शिक्षण सुरू केले. हैदराबादेस पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली निघाले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेला ह्यांनी कायद्याची पदवी १९८९ साली मिळविली ती कारावासात असतानाच, तेथील दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठातून. त्यांच्या पदवीस 'बाहेरून' म्हणून नाक मुरडण्याचे धाडस कोण करील?

ह्या पदव्यांची गरज कोणास असते, हे पाहावयाचे असेल तर बेळगावच्या पूर्वेस असलेल्या सांबऱ्याकडे पाहावे. विमानतळामुळे हे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे. पण तेथेच हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून अठरा-वीस वर्षांची मुले येथे येतात, शिकतात, आणि मग आज ह्या तळावर तर उद्या त्या तळावर अशी त्यांची नेमणूक होत राहते. एका गावी तीन वर्षे राहून कॉलेज करणे त्यांच्या नशिबी नाही. त्यातच २०२२ पासून अग्निवीरांची भरती सुरू झाली. चार वर्षांच्या सेवेनंतर त्यांच्यापैकी शेकडा पंचवीसपर्यंतच कायम व्हावयाचे; बाकीच्यांनी ऐन पंचविशीच्या आत नवी वाट शोधावयाची. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी त्याच साली जाहीर झाली. तिचे निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे आणि निम्मे अभ्यासाचे आहेत. हा तरुण उद्या एखाद्या कचेरीत अर्ज घेऊन उभा राहील, तेव्हा 'बाहेरून का?' असे विचारणाऱ्याने त्याच्या मागची ती चार वर्षेही विचारात घ्यावयास हवीत.

आणि हे केवळ जवानांचेच नव्हे. सांबऱ्याहून पहाटे निघून उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी करणारा मुलगा, लग्नानंतर शिक्षण तुटलेली सून, निपाणीकडे विड्या वळून संसार चालविणाऱ्या आईची मुलगी, ह्या सर्वांना कॉलेजची वेळ परवडत नाही. रात्री भांडी आवरल्यावर जो अभ्यास होईल तोच त्यांचा अभ्यास.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. राज्याच्या विद्यापीठाने दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच द्यावे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून शिकण्याची सोय आहे. पण त्याची हद्द महाराष्ट्रापुरती. निपाणीच्या पुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की जे दार उघडे, ते अलीकडच्या मराठी मुलास बंद. ऑनलाइन अभ्यासक्रमांस मात्र ही हद्दीची अट नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठ कोठलेही असो, सांबऱ्याच्या घरात बसून त्याचा विद्यार्थी होता येते. हद्दीवरच्या माणसास ह्या सोयीचे मोल इतरांहून अधिक वाटले तर नवल नाही.

मग लोकांची शंका निराधारच म्हणावी काय? तसेही नाही. ती अनुभवातून आलेली आहे. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाने आपल्या हद्दीबाहेर खासगी संस्थांशी हातमिळवणी करून अभ्यासक्रम चालविले, आणि २०१३-१४ पासून त्याच्या अभ्यासक्रमांस आयोगाची मान्यता राहिली नाही. २०१८ साली ती पुन्हा मिळाली. पण मधल्या काळात हजारो विद्यार्थी टांगणीस लागले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या अवैध ठरविल्या. अशा बातम्यांनी प्रामाणिक विद्यार्थ्याचीही पत जाते. शिवाय तयार उत्तरे विकत घेऊन गृहपाठ भरणारे महाभागही आहेत. परंतु घोकंपट्टीची मार्गदर्शके छापून विकली जातात ती कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीच, हेही विसरता येत नाही. आळसाला आतले आणि बाहेरचे असा भेद ठाऊक नसतो.

ही शंका केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. आपल्या भागातून आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांस तिचा पडताळा येतो. पदवीवर सरकारी शिक्के मिळवावे लागतात, आणि शिक्षण वर्गात झाले की दुरून, हेही पुष्कळदा विचारले जाते. खुद्द अरब समाजातही वर्गातल्या पदवीचा मान मोठा. तरीही १९९१ साली पॅलेस्टाईनमध्ये अल-कुद्स मुक्त विद्यापीठाचे काम सुरू झाले, कारण रोज विद्यापीठात जाणेच तेथे अनेकांना दुरापास्त होते. २००२ साली कुवेत येथे अरब मुक्त विद्यापीठ उघडले, आणि त्याच्या शाखा इतर अरब देशांत पसरल्या. तेथेही संसारातील स्त्रिया व नोकरदार ह्यांनाच त्याचा मोठा आधार झाला. शंका आणि गरज ह्या दोन्ही तेथे शेजारी शेजारी नांदतात, अगदी आपल्यासारख्याच.

कायद्याने हा प्रश्न सोडविला आहे. आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी वर्गातल्या पदवीच्या बरोबरीची आहे. २०२२ साली आयोगाला हे पुन्हा जाहीरपणे सांगावे लागले. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा असे विषय ह्या पद्धतीने शिकविण्यास मात्र मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. शस्त्रक्रिया पडद्यावर शिकता येत नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. ह्या संस्थेस ह्याच वर्षाची मान्यता आहे काय? नेमक्या ह्याच अभ्यासक्रमास ती आहे काय? आणि अभ्यासक्रम दूरस्थ असेल तर आपले गाव तिच्या हद्दीत येते काय? ही माहिती आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. दलालाच्या शब्दावर, 'वर्षात पदवी'च्या जाहिरातीवर, विसंबू नये. शंका घ्यावयाची ती येथे घ्यावी, आणि पैसे भरण्यापूर्वी घ्यावी.

एकदा ही पारख झाली, की मग त्या पदवीमागचे कष्टही मोजावेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. सहा श्रेयांकांच्या एका विषयास एकशे ऐंशी तास होतात. दिवसभर राबून रोज एक तास काढणाऱ्या बाईस एका विषयासाठी सहा महिने लागतील. तिला हजेरी घेणारा मास्तर नाही, शेजारी बसून समजावणारी मैत्रीण नाही. चर्चेवाचून, सोबतीवाचून शिकणे हे ह्या शिक्षणातील उणेपण खरेच. पण ते सोसून जी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचली, तिच्या अंगी चिकाटी नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. पदवीचा कागद खरा की खोटा, हे कसोशीने तपासावे. तो खरा ठरल्यावर मात्र ती व्यक्ती कोणत्या दाराने आली हे विचारू नये. काय शिकून आली, एवढेच विचारावे आणि तिचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.