व्हेंटिलेटर सुटायला वेळ का लागतो?

व्हेंटिलेटरवरच्या बहुतेक रुग्णांची श्वासनलिकेतली नळी पहिल्याच प्रयत्नात निघते. मूळ आजार आटोक्यात आला की यंत्राचा आधार अगदी कमी करून रुग्णाला अर्धा ते दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. ही चाचणी पार पडली की नळी काढतात. काही रुग्ण मात्र चाचणीतच दमतात. श्वास भराभर चालतो, घाम फुटतो, नाडी धावू लागते आणि यंत्र पुन्हा जोडावे लागते.

असा श्वास जलद असतो, तसा उथळही असतो. मिनिटाला ३६ श्वास आणि दर श्वासाला ३०० मिलिलिटर हवा असेल, तर तिच्यातला मोठा भाग श्वासमार्गातच राहतो. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत थोडीच पोचते. हे मोजायचे तर मिनिटातल्या श्वासांच्या संख्येला एका श्वासातल्या हवेच्या लिटरमधल्या मापाने भागायचे. वरच्या उदाहरणात उत्तर १२० येते. यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये १०५ ही मर्यादा सुचवली. आकडा त्यापुढे गेला, तर रुग्णाला यंत्राविना निभावणे कठीण जाते.

याचे एक मोठे कारण श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू. यंत्र सगळा श्वास देत राहिले की तो रिकामा बसतो आणि झपाट्याने क्षीण होतो. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघे १८ ते ६९ तास यंत्रावर गेलेल्या या दात्यांमध्ये स्नायुतंतूंच्या छेदाचे क्षेत्रफळ तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी भरले. गुंगीतला रुग्ण श्वासाचे बरेचसे काम यंत्रावरच सोडतो, म्हणूनच गुंगीची औषधे गरजेपेक्षा एक दिवसही जास्त चालू राहणे परवडत नाही. ती रोज थांबवून, रुग्ण जागा झाल्यावर त्याच दिवशी श्वासाची चाचणी घेतली, तर यंत्र लवकर सुटते.

दुसरे कारण हृदय, आणि तेच सहज नजरेतून सुटते. यंत्र छातीत दाबाने हवा भरते, तेव्हा दुबळ्या हृदयाला त्या दाबाचा आधार मिळत असतो. आधार निघताच हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, डाव्या जवनिकेवरचा ताणही वाढतो आणि फुप्फुसात पाणी साचते. रुग्णाला धाप लागलेली दिसते, म्हणून सगळे लक्ष फुप्फुसाकडे जाते. अशा वेळी साचलेले पाणी लघवीवाटे काढले, तर पुढची चाचणी पार पडू शकते.

बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्यांची अडचण निराळी. त्यांची हवा पुरती बाहेर पडत नाही. आत अडकलेल्या हवेच्या दाबावर मात करण्यातच प्रत्येक श्वासाची बरीच ताकद खर्च होते. अशांना नळी काढल्यावर लगेच मास्कमधून आधार दिला तर पुष्कळदा पुन्हा नळी टाळता येते. रक्तातले फॉस्फेट किंवा पोटॅशियम घटल्यानेही स्नायू ढिले पडतात. ही तपासणी साधी, उपायही सोपा. ती राहून जाता कामा नये.

मज्जातंतूंचे आणि स्नायूंचे दुखणे असेल तर घाई उपयोगाची नाही. २०२५ च्या आरंभी पुण्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काहींना व्हेंटिलेटर लागला. या आजारात नसा सावरेपर्यंत आठवडे जातात. शेतातल्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिली लक्षणे ओसरल्यावर, एक ते चार दिवसांत, मान आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. उशीवरून डोके उचलता येत नसेल तर नळी काढणे धोक्याचे.

श्वास जमला तरी खोकला जोरकस हवा. कफ बाहेर टाकता आला नाही तर नळी पुन्हा घालावी लागते.

पहिल्या चाचणीनंतर ७ दिवसांतही यंत्र सुटले नाही, तर यंत्र सुटणे लांबले असे मानतात. पुष्कळदा गळ्याला छिद्र पाडून तिथे नळी बसवतात, म्हणजे गुंगी कमी लागते आणि रुग्णाला बसवता येते. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचा यंत्राचा आधार हळूहळू कमी केला. दुसऱ्याला रोज काही काळ यंत्राविना श्वास घेऊ दिला. पहिल्या गटाला सुटायला साधारण १९ दिवस लागले, दुसऱ्याला १५.