गोरट्याचे दासगणू

१८६८ साली अकोळनेरला गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे जन्मले. तेच पुढे दासगणू महाराज झाले. पोलीस खात्यात असताना त्यांना लावणी-तमाशाचा भारी नाद. मग साईबाबांचा सहवास लाभला, आणि तीच रसाळ लेखणी संतचरित्रांकडे वळली.

त्यांनी रचलेली आख्याने म्हणजे कीर्तनकारांची शिदोरीच! साईसच्चरितात सांगितलंय, की बाबांच्या सांगण्यावरून अंगरखा, फेटा सोडून ते उघड्या अंगाने, हातात चिपळ्या घेऊन कीर्तनाला उभे राहू लागले. २१ अध्यायांचा ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथही त्यांचाच. १९६२मध्ये पंढरपुरात ते निवर्तले. त्यांची समाधी आपल्या नांदेड जिल्ह्यात, उमरीजवळच्या गोरटे गावी आहे.