जुने इंजिन : बांधावे की बदलावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर बोलणे प्रथेला धरून झाले असते. परंतु आपल्यांतील कितीतरी घरांची चूल आज मालमोटारीच्या चाकांवर चालते, आणि अशा प्रत्येक घरावर केव्हा ना केव्हा एक प्रसंग हटकून येतो. पाच-सात लक्ष किलोमीटर धावलेली गाडी धूर ओकू लागते, घाटात मागे पडते, तेल पिऊ लागते. आणि प्रश्न उभा राहतो की, हे इंजिन बांधावे की बदलावे? या प्रश्नापायी घरातील सोने गहाण पडते, मुलांचे शिक्षणशुल्क थकते. म्हणून त्याचा विचार गाडी बंद पडण्यापूर्वी, स्वस्थ चित्ताने व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

१९५४ साली टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला व जमशेदपूरच्या डिझेल मालमोटारी देशभर धावू लागल्या. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्सची स्थापना झाली. त्या काळचे इंजिन निष्णात मिस्त्री कानाने ओळखीत असे. तो कान आजही मोलाचा आहे. परंतु आजच्या इंजिनाची किंमत पाहता केवळ कानावर विसंबून निर्णय घेणे परवडणारे नाही. निर्णय मापावर घ्यावयास हवा.

किलोमीटरचा आकडा हे काही माप नव्हे. सपाट महामार्गावर नियमित तेल बदलून चालविलेली गाडी आणि खडीच्या खाणीतून धूळ खात, जादा भार घेऊन खंबाटकी किंवा कसाऱ्याचा घाट चढणारी गाडी, या दोहोंचे आकडे सारखे असले तरी इंजिनांची प्रकृती सारखी नसते.

धुराचा रंग पहिली खूण देतो. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन अधिक. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर पाणी आत जात आहे किंवा इंधन पुरते जळत नाही. पण खूण म्हणजे निदान नव्हे. टर्बोचे सील गळत असले तरी निळाच धूर येतो, आणि पुष्कळ वेळा रिंगा गेल्या म्हणून सबंध इंजिन उघडले जाते. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार होय. यास्तव आधी एअर फिल्टर, नोझल, टर्बो आणि हेडचे गॅस्केट पाहावे. नंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, मिस्त्री ज्यास बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो क्रँककेसमधील दाब, आणि गरम इंजिनातील तेलाचा दाब मोजून घ्यावा. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. त्यात सिलिकॉन आढळले तर धूळ आत शिरत आहे, लोह वाढले तर लायनर झिजत आहेत, शिसे व तांबे वाढले तर बेअरिंगे संपत आली आहेत, असा साधारण अर्थ होतो.

इंजिन उघडल्यावर मुख्य प्रश्न दोनच : ब्लॉक शाबूत आहे काय, आणि क्रँक किती उरला आहे? लायनरचे इंजिन असेल तर लायनर, पिस्टन व रिंगा नव्या बसविता येतात. काही इंजिनांना लायनर नसतात. त्यांचा ब्लॉकच बोअर करून मोठे पिस्टन घालावे लागतात, आणि ही सवलत एकदोनदाच मिळते. क्रँक साधारणतः पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने घासतात. ज्याच्या पायऱ्या संपल्या त्याला पुन्हा घासणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून भिंत फुटली असेल, किंवा मेन बेअरिंगांची रांग वाकली असेल, तर बहुधा बदलणेच शहाणपणाचे ठरते. ब्लॉक व क्रँक निरोगी असतील, तर पुरती बांधणी करावी. मात्र अर्धवट काम करू नये. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून मिळालेले समाधान फार काळ टिकत नाही, आणि मजुरी दोनदा भरावी लागते.

आता हिशोब पाहू. समजा, बांधणीस दोन लक्ष रुपये लागतात व तिच्यावर गाडी दोन लक्ष किलोमीटर धावते. नवे इंजिन पाच लक्षांना पडते व पाच लक्ष किलोमीटर धावते. दोन्हीकडे किलोमीटरला खर्च एक रुपया. परंतु गाडीची चासी, गिअरबॉक्स आणि केबिन आणखी दोनच लक्ष किलोमीटर टिकणार असतील, तर त्याच नव्या इंजिनाचा खर्च अडीच रुपयांवर जातो. म्हणून इंजिनाचे उरलेले आयुष्य नव्हे, तर गाडीचे उरलेले आयुष्य आधी मोजावे. आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांचे त्याचे शुल्क बरेच वाढले आहे. थकलेल्या गाडीत नवे इंजिन घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

उलटपक्षी, काहीच न करणे फुकट असते, असेही समजू नये. वर्षाला ८०,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला चारऐवजी साडेतीन किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे २,८५७ लिटर डिझेल अधिक जळते. लिटरला नव्वद रुपये धरले, तर ही रक्कम अडीच लक्षांवर जाते. ज्या दुरुस्तीला आपण भितो, तिच्याहून मोठी रक्कम धुरावाटे निघून जात असते.

जुन्या बाजारातील इंजिन स्वस्त दिसते. पण त्याचे पूर्वायुष्य कोणास ठाऊक? पावती व इंजिन क्रमांकाची शहानिशा झाल्याखेरीज ते घेऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. ती न केल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची भीती असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. त्या गाड्यांत संगणक, युरियाची टाकी व धुराचे फिल्टर असल्याने भलतेच इंजिन बसवून चालत नाही. आणि त्यांच्यात तेल जळू दिले, तर त्याच्या राखेने ते महागडे फिल्टरही निकामी होते.

आणि बांधा किंवा बदला, जुने इंजिन का मेले, हे शोधल्यावाचून नवे सुरू करू नका. हवेच्या नळीला चीर असेल किंवा रेडिएटर तुंबला असेल, तर नव्यालाही तोच रोग जडेल.

शेवटी घरासंबंधी. प्रत्येक फेरीचे डिझेल, तेल आणि किलोमीटर यांची वही ठेवावी. वरच्या हिशोबातला किलोमीटरमागचा एक रुपया प्रत्येक फेरीतून निराळा काढावा. खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि तो घरातील स्त्रियांपुढे ठेवावा. कारण गहाण पडणारे सोने त्यांचे असते. मंडळासही आमची विनंती आहे : ज्याचे इंजिन उघडले जाईल, त्याच्यासोबत मापे समजणारे दोन ज्ञातिबंधू गॅरेजपर्यंत जावेत, अशी व्यवस्था व्हावी. जेथे कुटुंबाची सारी पुंजी एका लोखंडी ठोकळ्यात अडकलेली असते, तेथे मालकाने एकट्याने, घाबरलेल्या मनाने "होय" म्हणण्याची पाळी येऊ नये. लग्नकार्याला आपण धावून जातो. अशा प्रसंगीही धावून जाणे, हेही ज्ञातिकार्यच आहे.